कुत्र्यांचा ‘भीतीचा आजार’ आणि पांढरा मैदा

आमच्या खंड्याला पहिला झटका आला तो दिवाळीच्या आदल्या रविवारी. मी करंज्यांसाठी मैदा चाळत होते आणि तो नेहमीप्रमाणे पायाशी लोळत होता. एकदम उठला, फ्रिजच्या कोपऱ्याकडे टक लावून बघायला लागला. तिथे कुणी उभं असावं तसा. शेपटी पोटाखाली गेली, आणि मग जे भुंकत-रडत धावायला लागला ते थांबेचना. जेवणाच्या टेबलाभोवती, जिन्यावरून खाली, पुन्हा वर, मागच्या अंगणाच्या काचेवर धडक. हाक ऐकू येत नव्हती, मी दिसत नव्हते. दहा मिनिटांनी बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या मागे सापडला, लाळ गळत होती, अंग थरथरत होतं. दोन तासांनी मात्र पोटभर जेवला आणि चेंडू आणून माझ्या पायावर टाकला.

मग हे पाच-सहा आठवड्यांनी येतच राहिलं. कधी दोन महिने काही नाही, कधी एका आठवड्यात दोनदा. मधल्या काळात कान खाजवणं, पोट बिघडणं, रात्री उगाच कपाटात जाऊन बसणं. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, पोटाचा एक्स-रे झाला, सगळं व्यवस्थित. एका व्हेटने फेफरं असेल म्हटलं, दुसऱ्याने चिंतेचा विकार म्हटलं. तिसऱ्या एका प्रशिक्षकाने, पैसे मोजून घेऊन, घरातल्या माणसांचा ताण कुत्रा शोषून घेतो असं सांगितलं. त्या रात्री मी ताणाने झोपले नाही हे खरं. फेब्रुवारीत धावत्या खंड्याला अडवायला गेलेल्या माझ्या मुलाच्या हातावर त्याचे दात लागले. रक्त आलं नाही, पण खुणा उमटल्या. मुलगा झोपल्यावर नवरा एवढंच म्हणाला, “असंच चालू राहिलं तर...” आणि वाक्य तिथेच सोडून भांडी लावायला उठला.

सांगलीहून आईचा सल्ला आला. “अगं, त्याची दृष्ट काढ आधी. आणि ते पाकिटातलं गोळ्यांसारखं खाणं बंद कर. आपल्या दाराशी एवढी कुत्री वाढली भाकरी-ताकावर, कुणाला असलं काही झालेलं आठवतंय का तुला?” दृष्ट काढली. मोहरी-मिरच्या तव्यावर पडताच स्मोक अलार्म कोकलला आणि खंड्या खरोखरच घाबरून पळाला. दुसरा सल्ला मात्र डोक्यात राहिला.

मॅडिसनजवळ राहण्याचा एक फायदा म्हणजे विद्यापीठाचं स्टीनबॉक ग्रंथालय. शेती, जीवशास्त्र आणि पशुवैद्यक यांचं जुनं वाङ्मय तिथे चाळायला मिळतं. मी गेले होते कुत्र्यांच्या फेफऱ्यावर वाचायला, आणि सापडला तो एक विस्मरणात गेलेला आजार.

१९२०च्या दशकापासून जवळजवळ पंचवीस वर्षं अमेरिकेत कुत्र्यांना एक विचित्र आजार होत असे. शिकारी लोक त्याला ‘रनिंग फिट्स’ म्हणत, म्हणजे धावण्याचे झटके. दुसरं नाव होतं ‘फ्राइट डिसीज’, भीतीचा आजार. इंग्लंडमध्ये त्यालाच ‘कॅनाइन हिस्टीरिया’ म्हणत. वर्णन वाचताना माझ्या अंगावर काटा आला. धडधाकट कुत्रा अचानक एका जागी टक लावतो, भयानं विव्हळतो, वाट फुटेल तिकडे धावतो, भिंतीवर आपटतो, अंधारा कोपरा शोधून लपतो. काहींना पुढे आकडी येते, काही आपोआप शांत होतात आणि थोड्या वेळाने जणू काही झालंच नाही असे वागतात. काही दिवसांनी पुन्हा तेच. रस्त्यावर असा कुत्रा दिसला की तो पिसाळलाय असं समजून लोक दारं लावून घेत.

कारणं काय काय सांगितली गेली! पोटात जंत आहेत, कानात किडे आहेत, उष्मा बाधला, दात येताहेत, विषाणू असावा, जीवनसत्त्व कमी पडत असावं. हेही नाही पटलं तर मग कुत्र्याची जातच नाजूक मनाची. ‘हिस्टीरिया’ हा शब्दच बघा ना. ज्या काळात बायकांच्या न कळणाऱ्या दुखण्याला तो शब्द चिकटवत, त्याच काळात तो कुत्र्यांनाही चिकटला. एकदा नाव पडलं की रोग रोग्याच्या स्वभावात जाऊन बसतो आणि शोध थांबतो. तरी काही जणांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. बिस्किटं बंद करून मांस दिलं की बऱ्याच कुत्र्यांचे झटके थांबत.

कुत्र्याचं बिस्कीट ही वस्तू तेव्हा फार जुनी नव्हती. ओहायोतल्या सिनसिनाटीचा जेम्स स्प्रॅट हा विजेची उपकरणं विकणारा माणूस लंडनला गेला होता. बंदरावर खलाशांची टाकून दिलेली कडक बिस्किटं कुत्री खाताना त्याने पाहिली, आणि १८६०च्या सुमारास खास कुत्र्यांसाठी बिस्किटं काढली, असं सांगतात. ती कल्पना पुढे अमेरिकेत परत आली आणि इथलीच झाली. त्याआधी कुत्रा घरातलं उरलंसुरलं खायचा, म्हणजे आईच्या दारातल्या कुत्र्यांसारखाच. आता त्याच्या ताटात रोज एकच पदार्थ पडू लागला आणि त्यात बराचसा भाग गव्हाच्या पिठाचा.

त्या पिठाचं काय झालं होतं ते समजायला थोडं मागे जावं लागतं. ताजं दळलेलं गव्हाचं पीठ किंचित पिवळसर असतं. काही आठवडे ठेवलं की हवेने ते पांढरं होतं आणि त्याचा पावही चांगला फुगतो. पण गिरणीवाल्याला तितके दिवस गोदाम अडवून ठेवणं परवडत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पिठाला निरनिराळे वायू देऊन ते झटपट पांढरं करायची पद्धत निघाली. वॉशिंग्टनमध्ये सरकारी रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख हार्वी वायली यांचा तिला कडाडून विरोध होता. १९०६चा शुद्ध अन्नाचा कायदा होण्यामागे त्यांचाच हात होता. त्या कायद्याखाली नेब्रास्कातल्या लेक्सिंग्टनच्या एका गिरणीचं नायट्रोजन पेरॉक्साइडने पांढरं केलेलं पीठ सरकारने जप्त केलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९१४ साली न्यायालय म्हणालं की पिठात बाहेरचं द्रव्य आहे एवढं दाखवणं पुरेसं नाही. त्या प्रमाणात ते खाणाऱ्याला, मग तो अशक्त किंवा आजारी का असेना, अपाय करू शकतं हे सरकारला दाखवावं लागेल. निकाल वाचला तर अन्यायाचा वाटत नाही. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा झाला की आधी खायचं आणि मग कुणाला काय होतं ते बघायचं.

१९२०च्या दशकात ‘एजीन’ नावाची पद्धत आली. पाण्यात क्लोरीन सोडण्याची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने ती आणली. एजीन म्हणजे नायट्रोजन ट्रायक्लोराइड. हे रसायन १८११ साली पिएर ड्युलाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलं आणि त्यापायी एक डोळा व दोन बोटं गमावली, इतकं ते स्फोटक. गिरणीत ते हवेत मिसळून अगदी थोडं पिठातून सोडत, त्यामुळे तिथे स्फोटाचा प्रश्न नव्हता. पीठ लगेच पांढरं व्हायचं आणि पावही छान यायचा. १९४०पर्यंत अमेरिकेतला आणि ब्रिटनमधला बहुतेक पांढरा मैदा या वायूतून जाऊ लागला होता. माणसं तोच पाव खात होती, कुत्री तीच बिस्किटं.

मग हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मला वाटतं, त्या पिढीच्या शास्त्रज्ञांना एका मोठ्या यशाने एकाच दिशेला बघायची सवय लावली होती. ती गोष्टही कुत्र्यांचीच आहे आणि आमच्या गावचीच आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत मक्याचं पीठ, काकवी आणि चरबीयुक्त डुकराचं मांस एवढ्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी भ्रम व्हायचा. दरवर्षी हजारो माणसं मरत. सरकारी आरोग्यसेवेतल्या जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४पासून ओरडून सांगितलं की हा संसर्ग नाही, हे अन्नाचं दुखणं आहे. दक्षिणेतल्या कुत्र्यांनाही ‘ब्लॅक टंग’ म्हणजे काळ्या जिभेचा आजार व्हायचा. तोंड सडायचं, लाळ गळायची, जुलाब व्हायचे, कुत्रं अन्न सोडायचं. गोल्डबर्गर यांच्या लक्षात आलं की हा कुत्र्यांचा पेलाग्राच आहे. प्रयोगातली कुत्री तो निकस आहार खाईनात म्हणून भूक वाढवायला त्यात यीस्ट घातलं, तर त्या कुत्र्यांना रोगच होईना. असा औषधाचा पत्ता लागला, निव्वळ कुत्र्यांच्या नखऱ्यांमुळे. १९२७च्या मिसिसिपीच्या महापुरात रेड क्रॉसने पूरग्रस्तांना यीस्ट वाटलं. १९२९ साली गोल्डबर्गर वारले तेव्हा यीस्टमधलं ते नेमकं द्रव्य कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते ओळखलं मॅडिसनमध्ये. इथून जवळच्या मॅकफार्लंड गावात जन्मलेले कॉनराड एल्व्हेहेम विद्यापीठात जीवरसायन शिकवत. १९३७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या जिभेच्या कुत्र्याला निकोटिनिक आम्ल दिलं आणि कुत्रा बरा झाला. लगेच माणसांवरही त्याचा गुण आला. पुढे एल्व्हेहेम विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. इथल्या कलासंग्रहालयालाही २००५पर्यंत त्यांचंच नाव होतं. मुलाला घेऊन मी त्या इमारतीत कितीदा गेले असेन, पण त्या नावामागे एक लाळ गाळणारा कुत्रा उभा आहे हे ठाऊक नव्हतं.

या गोष्टीचं एक टोक आईच्या भाकरीपर्यंत येतं. दख्खनच्या पठारावर जोंधळ्यावर जगणाऱ्या गरिबांनाही पेलाग्रा होतो, हे हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतल्या सी. गोपालन यांनी दाखवलं. ज्वारीत ल्युसिन जास्त असतं म्हणून असं होत असावं असा त्यांचा तर्क होता. त्यासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या पिल्लांना जादा ल्युसिन देऊन काळी जीभ होते हे पाहिलं. त्या तर्कावर पुढे बराच वाद झाला. पण नुसती भाकरी आणि नुसतं ताक यांत फरक आहे, हे आईला मी फोनवर सांगितलं. “ताक घालत होतो ना आम्ही,” ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

तर १९३०च्या दशकात हवाच अशी होती. न कळणारा आजार म्हणजे अन्नात काहीतरी कमी असणार, आणि ते कमी असलेलं शोधून काढलं की नोबेल. धावण्याच्या झटक्यांकडेही त्याच नजरेने पाहिलं गेलं. गव्हाच्या ग्लुटेनवर वाढवलेल्या कुत्र्यांना झटके येतात हे प्रयोगात दिसत होतं. एल्व्हेहेम यांच्या प्रयोगशाळेतही त्यावर काम चाललं होतं. सगळ्यांचा संशय एकच, की गव्हाच्या प्रथिनात काहीतरी उणं आहे. अन्नात काही जास्तीचं पडलेलं असू शकेल, असं पटकन कुणाच्या मनात येत नव्हतं.

ते आलं सर एडवर्ड मेलनबी यांच्या मनात. हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाचे सचिव. मुडदूस आहारामुळे होतो हे त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कुत्र्यांच्या पिल्लांवरच सिद्ध केलं होतं. त्यांनी केलेला प्रयोग एखाद्या गृहिणीला सुचावा इतका साधा आहे. काही कुत्र्यांना एजीनमधून गेलेलं पीठ, काहींना तेच पीठ पण वायू न दिलेलं. पहिल्या कुत्र्यांना झटके आले, दुसऱ्यांना नाही. डिसेंबर १९४६मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या मंडळींनी तेच पडताळून पाहिलं. आपल्याच शोधाची दिशा चुकली होती हे मान्य करायला त्यांनी वेळ लावला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. माणसांवरच्या चाचण्यांत झटक्यांचा पुरावा मिळाला नाही. कुत्रा, ससा, फेरेट यांना जे बाधतं ते माणसाला तसं बाधत नाही असं दिसलं. तरीही अमेरिकेत १९४९ साली एजीनवर बंदी आली आणि गिरण्या दुसऱ्या रसायनाकडे वळल्या. ब्रिटनला त्यासाठी १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वेळ लागला. विष कोणतं हेही १९५०च्या सुमारास कळलं. पिठातल्या मेथिओनिन या अमिनो आम्लाशी एजीनचा संयोग होऊन मेथिओनिन सल्फॉक्सिमिन तयार होतं, आणि ते मेंदूतल्या ग्लुटामिन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. आज प्रयोगशाळेत ते एन्झाइम मुद्दाम बंद पाडायला हेच द्रव्य वापरतात. भीतीचा आजार बघता बघता दिसेनासा झाला. पंचवीस वर्षं ‘नाजूक मनाची’ ठरलेली कुत्री एकाएकी धीट झाली.

इतकं वाचून मी घरी आले ती थेट निष्कर्षावर उडी मारूनच. खंड्याचं खाणं बदलायचं! आणि इथे मला इतिहासाचा पुढचा भाग माहीत असता तर बरं झालं असतं.

मार्च २००७मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली आणि मेन्यू फूड्स या कंपनीने ६ कोटींहून अधिक डबे-पाकिटं परत मागवली. चीनमधून आलेल्या ‘गव्हाच्या ग्लुटेन’मध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं. प्रथिनं मोजताना प्रत्यक्षात नायट्रोजन मोजतात, आणि मेलामाइनमध्ये तो भरपूर असतो. पुन्हा ग्लुटेन, आणि पुन्हा त्यात काहीतरी जास्तीचं. पुढच्या वर्षी तेच मेलामाइन चीनमध्ये तान्ह्या बाळांच्या दुधात निघालं. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली.

या धक्क्यानंतर माझ्यासारख्या मालकांचा गव्हावरचा, मक्यावरचा विश्वास उडाला आणि धान्यविरहित खाद्याला जोरात मागणी आली. धान्य काढल्यावर ते भरून काढायला घातलं काय, तर वाटाणे, मसूर, हरभरे. आपल्याला हे वाचून घरचंच वाटतं. मीही तेच महागडं पोतं आणलं. जुलै २०१८मध्ये एफडीएने इशारा दिला की अशा खाद्यावरच्या कुत्र्यांमध्ये हृदय फुगून कमकुवत होण्याच्या तक्रारी येताहेत. २०१९च्या एप्रिलअखेर कुत्र्या-मांजरांच्या मिळून अशा तक्रारी ५२४ झाल्या होत्या, आणि त्यांतली ९० टक्क्यांहून अधिक खाद्यं धान्यविरहित होती. पण खाद्यामुळेच हृदय बिघडतं हे सिद्ध झालं नाही. डिसेंबर २०२२मध्ये एफडीएने, नवं भक्कम शास्त्रीय काही हाती येईपर्यंत यावर आणखी जाहीर माहिती देणार नाही, असं सांगून विषय थांबवला. मसुरीच्या डाळीवर खटला आहे, निकाल नाही.

हा इशारा मला नव्या व्हेटबाईंनी दाखवला. पोतं संपत आलं होतं, झटके तेवढेच होते. खंड्याच्या हृदयाची सोनोग्राफी झाली, रक्तातलं टॉरिन बघितलं, दोन्ही ठीक निघालं. बाईंनी नेहमीचं, धान्याचं खाणं सुरू करायला सांगितलं. मग माझी वही मागितली. मी पहिल्या झटक्यापासून एका जुन्या वहीत तारीख, वेळ, काय खाल्लं, किती वेळ धावला, हवा कशी होती हे लिहीत होते. आधीच्या कुणी ती उघडली नव्हती. त्यांनी पंधरा मिनिटं वाचली. मुलाने फोनवर काढलेला एका झटक्याचा व्हिडिओही दोनदा पाहिला. म्हणाल्या, प्रत्येक वेळी टक लावणं, मग भीती, मग धावणं, मग लाळ, हा क्रम एकदाही चुकलेला नाही. स्वभावाचा प्रश्न इतका शिस्तशीर नसतो. मुलाच्या हातावर दात लागले तेव्हा खंड्याला समोर कोण आहे हे कळतच नव्हतं, हेही त्यांनीच सांगितलं. ते मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

निदान आहे ‘इडिओपॅथिक एपिलेप्सी’. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ कारण सापडत नाही असा आहे, हे आता मला चांगलं माहीत आहे. दिवसातून दोनदा फेनोबार्बिटालची गोळी, थोड्या थोड्या महिन्यांनी यकृताची तपासणी. पूर्ण थांबलेलं नाही. झटक्यांमधलं अंतर वाढलंय, धावणं दोन मिनिटांवर आलंय, आणि तेव्हा कुणी त्याला धरायचं नाही, जिन्याचं फाटक लावायचं आणि दिवे मंद करायचे, हे मुलाला पाठ झालंय.

यंदा करंज्यांचा मैदा आणायला गेले तेव्हा पिशवीवर ‘अनब्लीच्ड’ असं ठळक छापलेलं होतं. वीस वर्षं मी तीच पिशवी उचलते, तो शब्द कधी वाचला नव्हता. शेजारच्या पिशवीवर तसं काही नव्हतं, ती चाळीस सेंटनी स्वस्त होती. घरी येऊन मैदा चाळला. खंड्या पायाशी लोळत होता. वहीत लिहिलं: रविवार, ढगाळ, रात्री नेहमीचं खाणं अधिक चमचाभर ताक, एकसष्ट दिवस.